सांगताही येईना, सोसवेना

शौचाला बसल्यावर काच कापत गेल्यासारखी कळ येते आणि उठल्यावर पुढे तासन् तास आग होत राहते. सोबत लालभडक रक्ताचे दोन-चार थेंब पडतात. हे दुखणं घेऊन बीड जिल्ह्यातली माणसं आधी मेडिकलच्या दुकानात जातात, मग कुणीतरी सुचवलेल्या वैदूकडे आणि मग ‘विना ऑपरेशन खात्रीशीर इलाज’ असं भिंतीवर रंगवणाऱ्याकडे. सर्जनसमोर येईपर्यंत महिने उलटलेले असतात. बायांचं तर त्याहून अवघड. जागाच अशी की सासूला सांगता येत नाही, नवऱ्याला सांगायची लाज वाटते.

या आजाराला फिशर म्हणतात. गुदद्वाराच्या कडेच्या नाजूक त्वचेला पडलेली ही चीर असते, बहुधा सेंटिमीटरभर किंवा त्याहून लहान. ताज्या चिरा बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय, काही आठवड्यांत भरून येतात. भरत नाहीत तेव्हा त्यामागे अनेकदा उशीर असतो, आणि त्या उशिराला कारण असतात घरोघरी पक्क्या बसलेल्या काही समजुती.

‘मूळव्याधच आहे, दुसरं काय असणार?’

खालच्या जागेचं काहीही दुखलं की आपल्याकडे त्याला मूळव्याध म्हणून मोकळे होतात. पण आतल्या मूळव्याधीत रक्त पडतं आणि सहसा दुखत नाही. बाहेरच्या कोंबात रक्ताची गाठ झाली तर अचानक टणक, दुखरी सूज येते आणि ती शौचाला न जाताही ठणकते. फिशरचं दुखणं शौचाशी बांधलेलं असतं. जाताना कापतं, नंतर आग आणि आवळल्यासारखी कळ, मग हळूहळू उतार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जुन्या फिशरमध्ये चिरेच्या बाहेरच्या टोकाला कातडीचा छोटा कोंब तयार होतो. तो बोटाला लागतो आणि माणसाची खात्री पटते, की मोड आला. मग मोडाचा इलाज सुरू होतो. कोंब कापून, जाळून, दोरा बांधून काढला तरी चीर आत तशीच राहते. दोरा बांधायची क्षारसूत्र ही जुनी आणि उपयोगी पद्धत आहे, पण ती प्रामुख्याने भगंदरासाठी. साध्या चिरेला ती लागत नाही.

निदानाला मोठी यंत्रं लागत नाहीत. डॉक्टर कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात आणि दोन्ही बाजू हलक्या हाताने फाकवून बघतात. बहुतेकांची चीर पाठीच्या बाजूला, बरोबर मधोमध दिसते. बायांमध्ये ती पुढच्या बाजूलाही सापडते. इतकं दुखत असताना बोट किंवा नळी आत घालायची गरज नसते, आणि ‘आज आत तपासू नका’ असं म्हणण्याचा रुग्णाला हक्क आहे. बाईला तपासताना खोलीत नर्स किंवा घरची बाई हवी, हेही मागून घ्यावं.

‘अंगात उष्णता झालीय’

ही समजूत सगळ्यांत पक्की. मग सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी, थंड दूध सुरू होतं आणि अंडी, मटण, वांगं बंद होतं. चीर पडण्याचं नेहमीचं कारण मात्र अगदी उघडं असतं: घट्ट, कोरडा खडा आणि तो बाहेर काढायला केलेला जोर. वारंवार जुलाब झाले तरी चीर पडू शकते. बाळंतपणातही पडते.

उष्णतेच्या समजुतीत खरा धागा एवढाच, की बीडच्या उन्हाळ्यात घामावाटे पाणी जातं, ते भरून निघालं नाही तर आतडं मळातलं पाणी शोषून घेतं आणि खडा होतो. सब्जा खाऊन बरं वाटलं तर श्रेय त्याच्या तंतूंना आणि सोबतच्या पाण्याला द्यावं.

तिखटाचं काय? या प्रश्नाचं उत्तर शोधायचा नीट प्रयत्न महाराष्ट्रातच झालाय. नागपूरचे शल्यचिकित्सक डॉ. प्रवीण गुप्ता यांनी ताज्या फिशरच्या रुग्णांना एक आठवडा मिरचीपुडीच्या आणि एक आठवडा नुसत्या दिखाऊ कॅप्सूल दिल्या. कोणत्या आठवड्यात काय चाललंय हे रुग्णाला सांगितलेलं नव्हतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मिरचीच्या आठवड्यात आग आणि दुखणं स्पष्टपणे जास्त निघालं. म्हणजे चीर ताजी असताना ठेचा आणि काळ्या मसाल्याचं कालवण बाजूला ठेवावं. ती भरली की ठेचा पुन्हा ताटात यायला हरकत नाही, कारण तिखट चीर पाडत नाही, पडलेल्या चिरेला झोंबतं.

‘खायचंच कमी केलं की जायची वेळ येणार नाही’

सगळ्यांत जास्त नुकसान या विचाराने होतं, म्हणून यावर जरा थांबतो.

गुदद्वाराला दोन गोल स्नायू असतात. बाहेरचा आपल्या इच्छेने चालतो, आतला चालत नाही. चीर पडली की आतला स्नायू दुखण्याने आवळून बसतो. ‘ढिला सोड’ म्हणून तो सुटत नाही. तो आवळला की त्या जागेचा रक्तपुरवठा घटतो, आणि पाठीकडच्या मधल्या भागात तो मुळातच कमी असतो. रक्त पोचलं नाही तर जखम भरत नाही. त्यात दुखण्याच्या धास्तीने माणूस जाणं टाळतो. आत थांबलेला मळ आणखी वाळतो, दोन दिवसांनी दगडासारखा बाहेर पडतो आणि चीर पुन्हा फाटते. उपाशी राहून हे चक्र थांबत नाही. मळ कमी होतो, पण जो होतो तो जास्त घट्ट असतो.

आता हेच ऊसतोडीला गेलेल्या बाईच्या दिवसात घालून बघा. दिवाळीच्या सुमाराला बीड, केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टीतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. भल्या पहाटे फडात, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या, गाडी भरायची. कोपीजवळ संडास नसतो. उजेडात आडोसा मिळत नाही म्हणून बाई अंधाराची वाट बघते आणि दिवसभर लागू नये म्हणून पाणीच कमी पिते. दुखतंय म्हणून दवाखान्यात जावं तर खाडा पडतो आणि त्याचे पैसे उचलीतून वळते होतात. या बाईला ‘भरपूर पाणी पी, लागलं की लगेच जा’ असं सांगून डॉक्टरचं काम संपेल, तिचं दुखणं संपणार नाही. फडाजवळ आडोशाचा संडास आणि पिण्याचं पाणी देणं मुकादम आणि कारखान्याच्या हातात आहे. फिशरवरच्या उपचाराचा तो भाग आहे असं मी मानतो.

तोवर हातात काय आहे? पहिली गोष्ट, ज्वारीची भाकरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू असतात, बाजरीत ११ च्या वर. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात ते तीनपेक्षाही कमी. मोठ्या माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम लागतात. दोन भाकरी, वाटीभर डाळ किंवा मटकी, एखादी पालेभाजी आणि एक पेरू यात तेवढे जमतात. चहासोबत बिस्किटं आणि खारी खाऊन जमत नाहीत. हंगामात आपल्या बालाघाटाच्या डोंगरातलं सीताफळ खावं, तेही चांगलं. ‘भाकरी जड पडते, नुसता भात खा’ हा सल्ला फिशरमध्ये उलटाच आहे.

एवढ्याने मळ मऊ होत नसेल तर रात्री एक-दोन चमचे इसबगोल, पण सोबत मोठा पेलाभर पाणी हवंच. पाण्याविना इसबगोल आत अडकून बसतं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर लॅक्टुलोजचं पातळ औषध डॉक्टर देतात. रोज सोनामुखीचं कडक चूर्ण किंवा एरंडेल घेऊन पोट ‘साफ’ करणं टाळावं, कारण जुलाबाने चीर चिडते. गरोदरपणात मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांनी काहींना खडा होतो. गोळ्या बंद करू नका, बद्धकोष्ठाचा इलाज मागा.

‘बधिर करणारं मलम लावलं की झालं’

मेडिकलवर ‘मूळव्याधीचं मलम द्या’ म्हटलं की अनेकदा बधिर करणारं औषध आणि स्टेरॉइड असलेली नळी हातात पडते. बधिर करणारं मलम शौचाच्या थोडं आधी लावलं तर कळ सुसह्य होते, तेवढा त्याचा उपयोग. आवळलेला स्नायू त्याने सुटत नाही. स्टेरॉइडचं मलम महिनोन् महिने लावलं तर तिथली कातडी पातळ पडते.

ज्यांना फिशर पहिल्यांदाच झालं होतं अशा रुग्णांचे गट करून डेन्मार्कमध्ये १९८६ साली तुलना झाली. तीन आठवड्यांनी बधिर करणाऱ्या मलमाच्या गटात ६० टक्के चिरा भरल्या होत्या. गव्हाचा कोंडा खाणाऱ्या आणि कोमट पाण्यात बसणाऱ्या गटात ८७ टक्के. कोंडा चाळून गुरांना घालणाऱ्या घरांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

आतला स्नायू सैल करणारी मलमं वेगळी असतात: डिल्टियाझेम, निफेडिपिन किंवा नायट्रोग्लिसरीनची. ती डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यायची. वाटाण्याएवढं मलम बोटावर घेऊन कडेला लावायचं, हात धुवायचे, आणि सांगितल्याप्रमाणे सहा ते आठ आठवडे नियमाने चालू ठेवायचं. दुखणं बरेचदा आधी थांबतं, चीर मागाहून भरते. आठव्या-दहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून नळी फेकली की दुखणं परत येतं. नायट्रोग्लिसरीनने डोकं दुखू शकतं. बीपीच्या किंवा लैंगिक ताकदीच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावं, तिथे लाजू नये.

‘पाणी जितकं कढत, तितका गुण’

पाणी कोमट हवं, कोपराला सोसेल इतकंच. स्वच्छ टबात किंवा घमेल्यात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, शौचानंतर आणि रात्री. डेटॉल, तुरटी, मूठभर मीठ यांची गरज नाही, त्यांनी जखम झोंबते. वर उल्लेख केलेल्या डॉ. गुप्तांनी २००६ मध्ये शेकावरही अभ्यास केला. दुखण्यात आणि चीर भरण्यात मोठा फरक दिसला नाही, पण शेक घेणाऱ्यांना समाधान जास्त वाटलं. म्हणून शेक घ्या, बरं वाटतं. मात्र खडा तसाच ठेवून नुसत्या शेकावर विसंबू नका.

वेदनाशामक गोळीचंही तेच. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालतं. ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ वाढतं. आणि अंगदुखीसाठी किराणा दुकानातून घेतलेल्या ‘पॉवरच्या’ गोळ्या दिवसभर उन्हात, पाणी न पिता, रिकाम्या पोटी खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना धोका असतो.

‘कापल्याशिवाय सुटका नाही’ आणि ‘कापलं तर ताबा जातो’

दोन्ही टोकं चुकीची आहेत. आहार, शेक आणि स्नायू सैल करणारं मलम सहा-आठ आठवडे नीट वापरूनही चीर भरली नाही, तर पुढचा विचार करायचा. स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन हा एक मार्ग. दुसरा, आतल्या स्नायूचा थोडा भाग बाजूने कापून ताण कमी करणारी छोटी शस्त्रक्रिया. तिने दहातल्या नऊपेक्षा जास्त रुग्णांची चीर भरते, दुखणं तर काही दिवसांतच उतरतं. थोड्या लोकांना नंतर वारा रोखणं जड जातं किंवा कपड्याला डाग लागतो. अनेक बाळंतपणं झालेल्या बाईचा स्नायू आधीच कमजोर असू शकतो, म्हणून तिच्या बाबतीत सर्जन जास्त जपून ठरवतात. बोटांनी जागा जोराने ताणायची जुनी पद्धत स्नायूला इजा करते, ती आता टाळली जाते. आणि भिंतीवरच्या जाहिरातीतली ‘एका इंजेक्शनात बरा’वाली औषधं कशाची बनलेली असतात ते देणाराही सांगत नाही. त्यांनी जागा सडल्याचे, आकसल्याचे रुग्ण नंतर सर्जनकडे येतात.

घाईने कापण्याचा अर्थ या जिल्ह्याला कुणी समजावून सांगायला नको. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत ऊसतोडणीच्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. साध्या तक्रारीवरही थेट शस्त्रक्रिया झाल्याचं त्या वेळी पुढे आलं. त्यामुळे फिशरचं ऑपरेशन कुणी पहिल्याच भेटीत सुचवलं तर विचारा: आधी मलम देऊन का बघायचं नाही? चीर किती जुनी आहे? ताब्याचा धोका माझ्या बाबतीत किती? चांगला सर्जन याने चिडत नाही.

‘पुढे याचा कॅन्सर होतो’

फिशरचा कॅन्सर होत नाही. पण दुसरा आजार फिशरसारखा दिसू शकतो. चीर मधोमध नसून बाजूला असेल, अजिबात दुखत नसेल, दोन महिन्यांत भरत नसेल, तर क्षयरोग, आतड्याची सूज, एचआयव्ही किंवा गाठ यांची तपासणी हवी. मळात मिसळलेलं काळपट रक्त, उतरत चाललेलं वजन, चाळिशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, ही लक्षणं अंगावर काढू नयेत. ताप आणि ठणकणारी सूज असेल तर ते गळू असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर त्याचा दोष चिरेला देऊ नका. दोन-चार थेंबांनी ते तितकं उतरत नाही, कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, दोन्हीकडे सर्जन बसतात. केस पेपर काढल्यावर ‘मूळव्याध आहे’ असं सांगू नका. कधीपासून, शौचाच्या वेळी की नंतर, किती वेळ दुखतं, रक्त कसं पडतं, एवढं सांगा. आणि डॉक्टरांनी जागा बघितल्याशिवाय मलमाची चिठ्ठी घेऊन उठू नका.