आजीच्या रक्ताची साक्ष

मूल कोणाचं, हे ठरवायला आई-वडिलांचं रक्त तपासतात. पण आई-वडील दोघेही नाहीसे केले गेले असतील तर? अर्जेंटिनातल्या आज्यांपुढे हाच पेच होता.

तिथे १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती. विरोधकांना घरातून उचलून नेलं जाई. त्यांत गरोदर तरुणीही होत्या. छुप्या छावण्यांत त्या बाळंत झाल्या, मग मारल्या गेल्या. त्यांची बाळं खोट्या जन्मदाखल्यांवर परक्या घरांत वाढली. अशी सुमारे ५०० मुलं असावीत, असा आज्यांच्या संघटनेचा अंदाज आहे. ही संघटना, ‘प्लाझा दे मायोच्या आज्या’, १९७७ मध्ये उभी राहिली. आपल्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल का, हा प्रश्न घेऊन त्या परदेशांतल्या शास्त्रज्ञांची दारं ठोठावू लागल्या.

अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग १९८४ मध्ये त्यांच्या मदतीला गेल्या. पांढऱ्या पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात. त्यांचे प्रकार इतके आहेत की नात्यात नसलेल्या दोघांचा संच सहसा जुळत नाही. मुलाला निम्म्या खुणा आईकडून आणि निम्म्या वडिलांकडून मिळतात. त्या दोघांना आपापल्या आई-वडिलांकडून. म्हणजे मधली पिढी नसली, तरी चारही आजी-आजोबांच्या खुणांवरून नात्याची शक्यता गणिताने काढता येते. या गणिताचं तिथलं नावच ‘आजी’ या शब्दावरून पडलं. त्याच वर्षी आठ वर्षांच्या एका मुलीचं खरं कुटुंब रक्तचाचणीने सिद्ध झालं.

पण चौघेही हयात नसतील तर? किंग यांनी मग मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएकडे मोर्चा वळवला. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणांचा डीएनए फक्त आईकडून येतो आणि पिढ्यानपिढ्या जवळजवळ जसाच्या तसा राहतो. त्यामुळे आईची आई, मामा किंवा मावशी, यांपैकी एकाचा नमुनाही मोठा पुरावा ठरतो. वडिलांच्या बाजूचा छडा मात्र त्यातून लागत नाही. तिथे पेशीकेंद्रातला डीएनए लागतो.

१९८७ मध्ये कायद्याने राष्ट्रीय जनुक-माहिती पेढी स्थापन झाली. पुढे शोधाची दिशाच उलटली. मोठी झालेली मुलं, आपण नेमके कोणाचे या शंकेने, स्वतः रक्त द्यायला येऊ लागली. संघटनेच्या अध्यक्षा एस्टेला दे कार्लोत्तो यांचा नातू २०१४ मध्ये असाच सापडला, त्यांच्या मुलीच्या हत्येनंतर ३६ वर्षांनी. आजवर १३० हून अधिक जणांची ओळख पटली आहे.

आज्यांच्या आग्रहामुळेच १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात स्वतःची ओळख जपण्याचा हक्क आला. भारतानेही १९९२ मध्ये तो करार स्वीकारला. जन्मदात्यांचा शोध घेणाऱ्या दत्तक मुलाला कृतघ्न म्हणण्यापूर्वी हे आठवावं: वाढवणाऱ्यांची माया आणि जन्माचं सत्य, दोन्हींवर त्याचा हक्क आहे.

कितीतरी आज्या आता हयात नाहीत. त्यांचं रक्त मात्र पेढीत जपलेलं आहे. त्यांचं नातवंड उद्या आलं, तरी ती साक्ष तयार आहे.