माळरानावरील दोन प्राणी : काळवीट व माळढोक

कर्जत तालुक्यातील रेहेकुरीच्या माळावर आज काळविटांचे कळप सहज दृष्टीस पडतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अशाच माळांवर पूर्वी माळढोक पक्षीही आढळत असे. आज तो येथून जवळजवळ नाहीसा झाला आहे. असे का व्हावे, हे प्रत्येक शेतकऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

संरक्षणात भेदभाव झाला, असे मुळीच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दोघांचाही समावेश आहे. 1979 साली सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत माळढोकासाठी सुमारे 8,496 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. पुढे 2012 साली ते बरेच लहान करण्यात आले. काळविटासाठी 1980 साली रेहेकुरी येथे राखलेले क्षेत्र अवघे 217 हेक्टर आहे. तरीही काळवीट तगला. जागतिक यादीत त्याची नोंद 'कमी चिंतेचा' अशी आहे. माळढोक मात्र 2011 पासून 'अतिसंकटग्रस्त' ठरला आहे. त्याची जगातील संख्या दीडशेच्या आसपास असून बहुतेक पक्षी राजस्थानात आहेत.

याचे कारण दोघांच्या जीवनक्रमात सापडते. काळविटाची मादी सुमारे सहा महिन्यांनी विते व पाडस लवकरच कळपाबरोबर धावू लागते. माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. ते नांगराखाली, गुरांच्या पायाखाली वा कुत्र्याच्या तोंडी गेले, की त्या मादीचे वर्षाचे पीकच बुडाले. शिवाय हा जड पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतो. कायद्याने बंदूक थांबते. तार व नांगर थांबत नाहीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी शेतकऱ्यांना समजावून सांगाव्यात :

1. गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. तो जाळू नये.

2. पावसाळ्यात माळावर मोठे अंडे आढळल्यास त्यास हात लावू नये; तेवढी जागा सोडून वन विभागास कळवावे.

3. गवतात एकटे बसलेले पाडस पोरके समजून घरी आणू नये. त्याची आई जवळपासच असते.

4. काळविटांनी पिकाची नासाडी केल्यास फास लावू नये वा कुंपणात वीज सोडू नये. तो गुन्हा आहे, व त्यात माणसेही दगावतात. विलंब न लावता वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा करवून घ्यावा व नुकसानभरपाई मागावी.

टोळ व किडे खाणारा माळढोक शेतकऱ्याचा मित्रच होय. माळ राखला तर या दोघांचा आसरा राहतो आणि आपल्या गुरांचा चाराही राहतो.