दत्तक आणि कायदा : जन्मदात्रीच्या वाट्याला काय?

दत्तकाच्या वारसाहक्काचे विवेचन या आठवड्यात पुरे व्हायचे होते. परंतु गेल्या लेखांकातील समर्पणपत्राविषयी, म्हणजे मूल कायमचे सोडून देण्याच्या दस्तऐवजाविषयी, एका वाचिकेने विचारलेला प्रश्न इतका मूलभूत आहे की त्याला आधी जागा देणे भाग आहे. समर्पणपत्रावर सही करणाऱ्या आईला पुढे कधी मुलाला भेटण्याचा, निदान त्याची खुशाली विचारण्याचा हक्क असतो काय?

भारतीय कायद्याचे उत्तर नकारार्थी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ६३ नुसार दत्तकाचा आदेश लागू होताच मुलाचे जन्मकुटुंबाशी असलेले सर्व संबंध संपुष्टात येतात. घटस्फोटानंतर एखाद्या पित्याला न्यायालय मुलाच्या भेटीची मुभा देते ती त्याचे पितृत्व कायम असते म्हणून. जन्मदात्रीच्या बाबतीत तो आधारच उरत नाही. तिला जे काही मिळते ते दत्तकाच्या आदेशापूर्वी मिळते. कलम ३५ प्रमाणे बालकल्याण समिती चौकशी व समुपदेशन झाल्यावर समर्पणपत्र करून घेते आणि फेरविचारासाठी दोन महिने देते. या मुदतीत आईचे मन बदलले, तर समिती चौकशीअंती मूल तिच्याकडे सोपवू शकते. बाळंतपणाचा शीण आणि बदनामीची धास्ती यांतून सावरून आयुष्यभराचा निर्णय पुन्हा तपासण्यास ही मुदत तोकडी आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

नात्यातल्या दत्तकाचे चित्र निराळे दिसते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ चे कलम १२ देखील जन्मकुटुंबाशी असलेले नाते तोडते. पण धाकट्या जावेने थोरलीच्या मांडीवर मूल दिले, तर देणारी आई त्याच वाड्यात राहते, सणावाराला त्याला वाढते आणि त्याच्या लग्नपत्रिकेत काकू म्हणून छापली जाते. तिच्या भेटीला कायद्याचा आधार नसतो, घरच्यांचा समंजसपणा असतो, आणि तो आटला तर दाद मागण्यास जागा नसते. विशेष असे की हेच कलम विवाहापुरते जन्मकुटुंबाचे रक्त विसरत नाही: तेथे ज्यांच्याशी विवाह निषिद्ध होता, त्यांच्याशी तो दत्तकानंतरही निषिद्धच राहतो.

संस्थेमार्फत दत्तक गेलेल्या मुलाला मात्र आपल्या मुळांचा शोध घेता येतो. अठरा वर्षांनंतर स्वतंत्रपणे आणि त्याआधी दत्तक पालकांसह. आईने समर्पणाच्या वेळी नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली असेल, तर तिची लेखी संमती घ्यावी लागते. ती नाकारली गेली किंवा आईचा पत्ताच लागला नाही, तर समर्पणाची कारणे व परिस्थिती तेवढी मुलाला सांगितली जाते. तिच्या खासगीपणाचे हे रक्षण योग्यच आहे, कारण अनेकींच्या सासरी या गोष्टीची वार्ताही नसते. परंतु जिला मुलाने यावे असे वाटते, तिने काय करावे? मुलाखेरीज अन्य कोणालाही हा शोध खुला नाही, म्हणजे दार आतूनच उघडते.

इंग्लंडमध्ये १९९१ पासून दत्तक-संपर्काची नोंदवही आहे. तीत जन्मदात्रीला आपले नाव व पत्ता नोंदवून ठेवता येतो आणि प्रौढ झालेल्या मुलाने स्वतःची नोंद केली, तर तो त्याला कळवला जातो. २०१४ पासून तेथील न्यायालय दत्तकानंतरच्या संपर्काचा आदेशही देऊ शकते, मात्र जन्मदात्यांना अर्ज करण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी लागते. ही दुसरी वाट भारतात आणण्याची घाई नको, कारण लहान मुलाच्या नव्या घरात न्यायालयीन तंटा शिरणे हितावह नाही. नोंदवही मात्र आजच हवी: ती कोणावर भेट लादत नाही, मुलाचा पत्ता आईला देत नाही, आणि समर्पणाच्या दिवशी बोलू न शकलेल्या स्त्रीला दहा वर्षांनी आपली इच्छा नोंदवण्याची किंवा बदलण्याची सोय करून देते.

वारसाहक्काचे राहिलेले विवेचन पुढील लेखांकात येईल.