चौरसाचे कर्ण आणि राफाएलचे गोल

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीसाठी बसलेल्या मुलांपुढे बादली मांडली, की तिचे तोंड ती बहुधा दोन्ही टोकांना अणकुचीदार काढतात आणि बूड मात्र पट्टीने आखल्यासारखे सरळ ठेवतात. कारण बादली सपाट जमिनीवर टेकलेली आहे हे जे मनाला ठाऊक असते, ते डोळ्याला दिसणाऱ्या आकारावर कुरघोडी करते. यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) अभ्यास करावयाचा तो मुख्यतः ही कुरघोडी मोडण्यासाठी.

फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने आरशाच्या साहाय्याने यथार्थदर्शनाचे जे तत्त्व प्रयोगाने दाखविले होते, त्याची लेखी मांडणी लेओन बात्तिस्ता आल्बेर्तीने 1435 मध्ये चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात केली, आणि त्यासाठी चौरस फरश्यांच्या जमिनीचा दाखला घेतला. आपल्यापासून दूर जाणाऱ्या समांतर रेषा पाहणाऱ्याच्या नेत्रपातळीवरील एका लोपबिंदूस मिळतात, हे सांगणे सोपे. आडव्या रेषा मात्र किती वेगाने जवळ येतात, हा खरा प्रश्न. तत्कालीन काही चित्रकार प्रत्येक पुढचा पट्टा मागच्याच्या दोन-तृतीयांश धरीत. आल्बेर्तीने ती तजवीज नामंजूर केली, आणि आपली रीत सांगून पडताळ्याचा मार्गही दिला, तो असा की एकच सरळ रेषा लागोपाठच्या फरश्यांचा कर्ण होत गेली, तर रेखाटन बिनचूक समजावे. माझ्या मते साऱ्या विषयात इतकी साधी आणि इतकी निर्णायक कसोटी दुसरी नाही.

कर्णाचा हा अंमल वर्तुळावरही चालतो. यथार्थदर्शनातील चौरसाचे कर्ण जेथे छेदतात तो त्याचा मध्य. त्यातून दोन मध्यरेषा काढल्या, की वर्तुळाचे चार स्पर्शबिंदू हाती येतात. नंतर जवळच्या बाजूच्या मध्यापासून दोन्हीकडे, त्या बाजूच्या अर्ध्याच्या सुमारे 0.7 पट अंतरावर खुणा करून त्या लोपबिंदूशी जोडाव्यात. ह्या रेषा कर्णांना जेथे छेदतात ते आणखी चार बिंदू. आठांतून अखंड वळणाने नेलेली रेषा लंबवर्तुळ होते, आणि त्याला कोठेही कोपरा नसतो. येथे एक खुलासा जरूर आहे: मूळ वर्तुळाचा मध्य हा लंबवर्तुळाचा मध्य नव्हे, तर तो किंचित पलीकडे, क्षितिजरेषेच्या, म्हणजे नेत्रपातळीच्या, बाजूस पडतो.

नेत्रपातळीवर आलेले आडवे वर्तुळ केवळ रेषा दिसते आणि तिच्यापासून जितके खाली जावे तितके ते उघडत जाते. म्हणून खाली ठेवलेल्या बादलीचे बूड तोंडापेक्षा अधिक गोलाईने काढावयास हवे, म्हणजे मुले करतात त्याच्या नेमके उलट.

घन, इष्टिकाचिती, शंकू यांची वाट ह्याच चौरसातून जाते. गोलाचे प्रकरण निराळे. दृष्टीच्या मध्यरेषेपासून बाजूस असलेल्या गोलाचे चित्र नियमाप्रमाणे लांबट उतरावयास हवे. परंतु राफाएलने 1509 ते 1511 या काळात व्हॅटिकनमध्ये रंगविलेल्या 'अथेन्सची विद्यापीठिका' ह्या भित्तिचित्रात, उजव्या कडेच्या दोन व्यक्तींच्या हातांतील पृथ्वीचा आणि आकाशाचा गोल शुद्ध वर्तुळाकार आहेत. सबंध वास्तू एका लोपबिंदूवर इतक्या काटेकोरपणे उभारणाऱ्या माणसाला नियम ठाऊक नव्हता असे म्हणवत नाही. नियम पाहणाऱ्याची जागा एकच धरतो, आणि भिंतीसमोरचा माणूस तर फिरत असतो. चालत त्या कडेपाशी आलेल्याला लांबट गोल अंडाकृती भासला असता, म्हणून राफाएलने तेथे डोळ्याच्या बाजूने कौल दिला.