विश्लेषण : बाप्तिस्म्याची आशा दाखवून मिळवला चार वर्षांचा तह! लिथुआनियाच्या गेडिमिनासने धर्मयोद्ध्यांना कसं रोखलं?

लिथुआनियाची राजधानी व्हिल्निअस दरवर्षी २५ जानेवारीला आपला वाढदिवस साजरा करते. १३२३ साली याच तारखेच्या एका पत्रात या शहराचं नाव पहिल्यांदा आढळतं. हे पत्र ग्रँड ड्यूक गेडिमिनासचं होतं आणि त्या वेळी त्याचं राज्य शत्रूच्या कात्रीत सापडलेलं होतं.

शत्रू कोण होता?

क्रुसेड म्हटलं की आपल्याला जेरुसलेम आठवतं. पण अशाच मोहिमा बाल्टिक समुद्राच्या काठीही झाल्या. जखमींच्या शुश्रूषेसाठी ११९० मध्ये सुरू झालेली ट्युटॉनिक ऑर्डर पुढे लढाऊ संघटना बनली आणि तेराव्या शतकात तिने प्रशिया जिंकला. तिचीच एक शाखा उत्तरेला लिव्होनियात, म्हणजे आजच्या लाटव्हिया-एस्टोनियात होती. या दोघांच्या मध्ये लिथुआनिया, जुन्या देवांना मानणारा. हिवाळ्यात दलदल गोठली की घोडदळ आत घुसायचं, गावं जाळायचं, माणसं आणि गुरं पळवून न्यायचं. कारण एकच सांगितलं जायचं : हे लोक ख्रिस्ती नाहीत.

पत्रांत काय होतं?

गेडिमिनासने नेमक्या याच कारणावर बोट ठेवलं. त्याने पोप जॉन बावीसावे यांना लॅटिनमध्ये कळवलं की, आमचा राजा मिंडौगास ख्रिस्ती झाला होता, पण ऑर्डरच्याच अत्याचारांमुळे आम्ही मागे फिरलो. दुसरीकडे ल्युबेक, रॉस्टॉक अशा व्यापारी शहरांना आमंत्रण दिलं : व्यापाऱ्यांना जकात माफ, शेतकऱ्यांना १० वर्षं करमाफी. वाचून नक्कल करा आणि पुढच्या शहराला पाठवा, अशीही सूचना होती. सातशे वर्षांपूर्वीचं ‘फॉरवर्ड’च म्हणा ना!

डाव यशस्वी झाला. रीगाचे नागरिक आणि आर्चबिशप यांचं ऑर्डरशी आधीच बिनसलेलं होतं. ऑक्टोबर १३२३ मध्ये व्हिल्निअसला तह झाला, १३२४ मध्ये पोपने त्याला मान्यता दिली. ऑर्डरला हात आवरते घ्यावे लागले.

मग बाप्तिस्मा का घेतला नाही?

१३२४ च्या अखेरीस पोपच्या प्रतिनिधींची माणसं दरबारात आली, तेव्हा गेडिमिनासने चक्क कानावर हात ठेवले. आपण असं लिहायला सांगितलंच नव्हतं म्हणत त्याने खापर पत्रलेखक भिक्षूवर फोडलं. प्रत्येक जण आपापल्या रीतीने एकाच देवाला भजतो, असंही त्याने सुनावलं. भिक्षूवर ढकलणं पटण्यासारखं नाही, पण त्याची अडचण खरी होती. झेमाइतियातले सरदार जुन्या धर्माचे कट्टर, तर पूर्वेकडची बरीच प्रजा ऑर्थोडॉक्स. रोमचा धर्म स्वीकारला असता तर घरातच बंड पेटलं असतं.

तह तरीही जवळपास चार वर्षं टिकला. या मोकळ्या वेळात, १३२५ मध्ये, त्याने मुलगी अल्डोना पोलंडच्या राजपुत्राला दिली आणि ऑर्डरविरुद्ध नवा मित्र जोडला. नंतर स्वाऱ्या पुन्हा सुरू झाल्या. १३३६ मध्ये पिलेनाईचा किल्ला पडताना आतल्या लोकांनी शरण जाण्याऐवजी स्वतःला आगीत झोकून दिलं.

अखेर १३८७ मध्ये गेडिमिनासचा नातू योगायला याने लिथुआनियाला ख्रिस्ती केलं. ऑर्डरने युद्ध तरीही थांबवलं नाही. १५ जुलै १४१० रोजी ग्रुनवाल्डच्या मैदानात योगायला आणि त्याचा चुलतभाऊ व्हितौतास यांनी मिळून ऑर्डरचा दणदणीत पराभव केला.