उंचावरील हवा थंड का असते?

तमिळनाडूतील मेट्टुपाळयम हे गाव निलगिरीच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३२५ मीटर उंचीवर वसले आहे. तेथून निघणारी छोटी आगगाडी ४६ किलोमीटरांची वाट चढून सुमारे २,२०० मीटर उंचीवरील उदकमंडलमला पोहोचते. पायथ्याशी घामाघूम झालेल्या प्रवाशाला माथ्यावर शाल पांघरावीशी वाटते. वस्तुतः तो सूर्याच्या अधिक जवळ गेलेला असतो. मग हवा अधिक उष्ण व्हावयाची ती थंड का व्हावी?

सूर्य पृथ्वीपासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्या मानाने दोन किलोमीटरांचा चढ अगदीच नगण्य होय. शिवाय सूर्यप्रकाशाचा मोठा भाग हवेला न तापविता तिच्यातून आरपार जातो आणि जमिनीत व पाण्यात शोषला जातो. तापलेली भूमी मग हवेला उष्णता देते. चुलीवरच्या पातेल्यातील पाणी जसे तळाकडून तापते, तशीच हवाही खालून तापते.

येथे एक शंका उपस्थित होते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. मग ती आपली उष्णता माथ्यापर्यंत का पोहोचवीत नाही? याचे मर्म हवेच्या दाबात आहे. समुद्रसपाटीवरील हवेवर वरच्या सर्व हवेचा भार असतो. साडेपाच किलोमीटर उंचीवर हा दाब जवळजवळ निम्मा होतो. वर चढणारी हवा कमी दाबात प्रसरण पावते आणि भोवतालच्या हवेला दूर सारते. या कामी लागणारी ऊर्जा ती स्वतःच्या उष्णतेतून खर्च करते व थंड होते. याच्या उलट क्रिया सायकलच्या पंपात दिसते. हवा दाबली जाताच पंपाचे टोक गरम लागते.

कोरडी हवा दर किलोमीटर चढाला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. बाष्पाचे ढग बनू लागले की सुप्त उष्णता मुक्त होते आणि ही घट मंदावते. वातावरणाची सरासरी घट किलोमीटरला साडेसहा अंश धरली जाते. या हिशेबाने मेट्टुपाळयम व उदकमंडलम यांच्या तापमानांत सुमारे १२ अंशांचे अंतर पडते. ऋतू, वारा व ढग यांनुसार ते कमीअधिक होते. डोंगराची मातीही उन्हाने तापते, हे खरे. परंतु सभोवारची थंड हवा वाऱ्याबरोबर येऊन ती उष्णता वाहून नेते.

मात्र उंची हेच थंडीचे कारण नव्हे. फ्रेंच शास्त्रज्ञ तेसरां द बोर यांनी उपकरणे बांधलेले फुगे आकाशात सोडून १९०२ मध्ये दाखवून दिले की, एका उंचीनंतर तापमानाची घट थांबते. त्याहून वर ओझोन वायू सूर्याचे अतिनील किरण शोषतो. त्यामुळे तेथे उंचीबरोबर तापमान वाढत जाते.

या हिशेबाला आज वेगळे महत्त्व आले आहे. हवामान एका अंशाने तापले, तर पूर्वीचाच गारवा मिळण्यासाठी सुमारे दीडशे मीटर वर जावे लागते. निलगिरीच्या उंच गवताळ माळांवर निलगिरी ताहर ही रानशेळी राहते. तेथील दऱ्यांत शोला नावाची वने आहेत. मैदानालगतच्या वनस्पतींना व प्राण्यांना वर सरकावयास डोंगर आहे. परंतु निलगिरीचे सर्वोच्च शिखर दोड्डबेट्टा २,६३७ मीटरांवर संपते. त्याच्या वर डोंगरच नाही.