हौशी बिनतारी केंद्र आणि आपत्काळातील सेवा

भूकंप, महापूर अथवा चक्रीवादळ आले म्हणजे तारा तुटतात, वीज जाते आणि दूरध्वनी मुके होतात. मदत देणारे हात तत्पर असतात; परंतु कोणती मदत कोठे हवी, हेच त्यांना कळत नाही. अशा वेळी हौशी बिनतारी चालकांची सेवा मोलाची ठरते.

दि. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ समुद्रतळाशी भूकंप झाला व त्सुनामीच्या लाटांनी अंदमान-निकोबार बेटांवर हाहाकार उडविला. त्या सुमारास श्रीमती भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी चालकांचे एक पथक पोर्ट ब्लेअर येथे आले होते. जगभरच्या आपल्यासारख्याच हौशी मंडळींशी संभाषण साधावे, एवढाच त्यांचा हेतू होता. दूरध्वनी बंद पडताच पथकाने छंद बाजूस ठेवला आणि बेटांवरील लोकांचे क्षेमकुशल मुख्य भूमीवर कळविण्याचे कार्य हाती घेतले.

हे कसे साधते? हौशी केंद्रास मोटारीच्या बॅटरीवर चालणारे यंत्र आणि उंच बांधलेली एक तार पुरेशी होते. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणून मध्ये मनोऱ्याची गरज राहत नाही.

तथापि केवळ यंत्राने काम होत नाही. आधी ऐकावे, मग बोलावे. संदेश थोडक्यात सांगावा. नावातील अक्षरे सुटी करून उच्चारावी. ऐकणाऱ्याने तो लिहून घेऊन परत वाचून दाखवावा, ही शिस्त अंगवळणी पडावी लागते. ती संकटाच्या दिवशी शिकता येत नाही, रोजच्या सरावातूनच येते.

भारतात असे केंद्र चालविण्यास केंद्र शासनाचा परवाना आवश्यक आहे. त्यासाठी बिनतारी विद्येची मूलतत्त्वे व दूरसंचाराचे नियम या दोन विषयांची परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही तीस बसता येते. या केंद्रावरून व्यापारी संदेश पाठविता येत नाहीत. ही सेवा निरपेक्षच असते.

प्राथमिक शाळेत यंत्र नसले तरी या शिस्तीचा पाया घालता येतो. शिक्षकांनी दोन विद्यार्थ्यांना पाठीस पाठ लावून बसवावे. एकाने संदेश सांगावा : ‘देवळात साठ माणसे आहेत. अन्न व पिण्याचे पाणी पाठवा.’ दुसऱ्याने तो लिहून परत वाचावा, आणि वर्गाने दोन्ही ताडून पाहावे. ‘साठ’चे ‘सात’ झाले, तर त्रेपन्न माणसे उपाशी राहतील, हे मुलांच्या तत्काळ ध्यानात येईल. मग ‘सहा, शून्य’ असे अंक सुटे करून सांगण्याची युक्ती त्यांना शिकवावी. लक्षपूर्वक ऐकणे व अचूक सांगणे हा भाषेच्या तासाचाच पाठ आहे. प्रसंगी त्यानेच प्राण वाचतात.